गफार बेग मुन्शी गोविंदरावांच्या दारी गेले तेव्हा

दर वर्षी ११ एप्रिलच्या भाषणांसाठी मी मुलांना वाक्यं लिहून देते. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे हे काम आपोआपच येतं. ‘जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला’ या वाक्याने सुरुवात होते, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी यांनी वडिलांचे मन वळवले’ हे वाक्य येऊन जातं. आपल्या समाजातलं एक नाव फुलेंच्या चरित्रात आहे याचं समाधान वाटायचं, तेवढंच. त्या वाक्यात नेमकं काय घडलं आहे, यावर मी कधी थांबले नव्हते.

थांबले ते एका प्रगतिपुस्तकामुळे.

पाचवीतल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीच्या जागी मला ओळखीचं अक्षर दिसलं. ते तिचंच होतं. मागची पानं चाळली तर सगळीकडे तेच. वर्गासमोर उभं करून विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, “अम्मी को सही करना नइ आता, टीचर. अंगूठा लगाने को शरमाती.” मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. खोटी सही म्हणजे गुन्हा वगैरे. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आठवडा उलटला तरी नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा करताना मला एप्रिलचं ते वाक्य आठवलं.

त्या वाक्यामागची गोष्ट अशी. गोविंदराव फुले यांचा पुण्यात फुलांचा व्यवसाय होता, शेती-बागायत होती. मुलगा पंतोजींच्या शाळेत जात होता आणि हुशार होता. दुकानात काम करणाऱ्या एका कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरवलं, की माळ्याच्या मुलाला शिकून काय करायचं आहे, बिघडेल, शेतीच्या कामाचा राहणार नाही. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढलं आणि मळ्यात घातलं. सुमारे तीन वर्षं जोतीराव शेतात राबले. मधल्या काळात लग्नही झालं. दिवसभर काम करायचं आणि रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक उघडायचं, हे मात्र सुटलं नाही. शेजारच्या दोन माणसांच्या ते नजरेला आलं. एक लिजिट नावाचे इंग्रज गृहस्थ, आणि दुसरे उर्दू-फारसी शिकवणारे गफार बेग मुन्शी. या दोघांनी जाऊन गोविंदरावांची समजूत काढली. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत बसले, या वेळी स्कॉटिश मिशनच्या शाळेत.

आता हेच एका शिक्षिकेच्या नजरेने बघा. मुलगा मुन्शींच्या वर्गातला नव्हता. त्याला उर्दू-फारसी शिकवायची त्यांच्यावर जबाबदारी नव्हती. तो मुसलमानही नव्हता. शाळेतून नाव कमी झालं होतं, त्यामुळे कुठल्याही हजेरीपटावर तो गैरहजर लागत नव्हता. तरीही एक मास्तर उठून बापाकडे गेला. बोलणं काय झालं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि गफार बेग यांच्या आयुष्याबद्दल चरित्रग्रंथांत दोन-तीन ओळींपलीकडे काही मिळत नाही. पण महाराष्ट्राच्या इतिहासातली सगळ्यात मोठी पालकभेट कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. बी.एड.ला ‘शाळा आणि समाज’ यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली. त्यात हे नाव नव्हतं.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग भाषणांत वेगळा सांगितला जातो म्हणून त्यातला दुवा हरवतो. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली आणि १८४९ मध्ये याच गोविंदरावांनी, लोकांच्या दबावाखाली, मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. ज्या बापाला आठ वर्षांपूर्वी समजावलं होतं तोच बाप. पालकाला एकदा पटवलं की काम झालं असं आपण धरून चालतो, तसं ते नसतं. घराबाहेर पडलेल्या दोघांना आसरा मिळाला तो उस्मान शेख यांच्या घरी. त्या घरातल्या फातिमा शेख यांच्याविषयी हल्ली बराच वाद झाला. सावित्रीबाईंनी १८५६ साली नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्यामागे फातिमाला कामाचा त्रास पडत असेल अशी काळजी केली आहे आणि ती कुरकुर करणारी नाही असंही म्हटलं आहे. एका सहशिक्षिकेने दुसरीबद्दल लिहावं तसं ते आहे. मला तेवढं पुरतं.

शाळा आणि घर यांचं नातं आपल्याकडे त्याआधी कसं होतं? मुसलमान घरांपुरतं सांगायचं तर मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की बिस्मिल्लाह. नवे कपडे, मिठाई, नातेवाईक जमलेले, आणि उस्ताद मुलाच्या तोंडून पहिली अक्षरं वदवून घेणार. म्हणजे शिक्षणाचा पहिला तास घरातच, सगळ्या घरासमोर व्हायचा. त्यानंतर मूल मकतबात. गुरुवारी उस्तादांना जुमेराती, म्हणजे एखादं नाणं. आणि एक तोंडी करार, जो माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत सगळे बाप करत आले: गोश्त आपका, हड्डी हमारी. मराठी पंतोजींच्या शाळेतही छडीवर आक्षेप घेणारे पालक काही फार नसावेत. त्या काळाचे गोडवे गायची माझी इच्छा नाही.

पण एक प्रथा मला फार आवडली. ‘कानून-ए-इस्लाम’ नावाचं पुस्तक आहे. दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेलं आणि हर्कलॉट्स नावाच्या डॉक्टरांनी इंग्रजीत आणलेलं. ते १८३२ साली छापलं गेलं. त्यात ‘ईदी’चं वर्णन येतं. आज ईदी म्हटलं की नव्या कोऱ्या नोटा. तेव्हाची ही ईदी वेगळी होती. सणाच्या आधी उस्ताद रंगीत किंवा सोनेरी ठिपक्यांच्या कागदावर सणाबद्दलच्या किंवा दुआच्या चार ओळी लिहून प्रत्येक मुलाला देत. मुलाने घरी जाऊन तो कागद आईबापांना वाचून दाखवायचा. ते ऐकून आईबाप खूश होऊन उस्तादांसाठी रुपया-दोन रुपये, ऐपतीप्रमाणे, पाठवत.

उस्तादांना पैसे मिळवायची ही युक्ती होती, हे उघड आहे. तरी तिची रचना बघा. शाळेतून घरी एक कागद जातो. तो कागद आईबापांनी वाचायचा नाही, त्यावर काही लिहायचंही नाही. मूल वाचतं आणि आईबाप ऐकतात. अक्षरओळख नसलेल्या आईलाही त्यात पूर्ण वाटा आहे, कारण तिच्याकडून फक्त कान मागितला आहे. आपलं मूल वाचायला लागलं की नाही, कुठे अडखळतं, हे तिला त्या चार ओळींतून कळतं. आमच्या प्रगतिपुस्तकातून तिला काय कळतं? ‘अ-२’ म्हणजे काय ते मला पालकांना दर वर्षी समजावून सांगावं लागतं आणि दर वर्षी ते मान डोलावून, न समजता, घरी जातात. मग आम्ही सही मागतो.

इंग्रजी राज्यात सरकारी शाळा आल्या आणि घर आणि शाळा यांच्यात अंतर पडलं. शाळेची भाषा, वेळ, पुस्तकं, तपासनीस, सगळं वरून आलं. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुलेंनी निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा ही त्यातली मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी शिक्षकांबद्दल जे मागितलं ते मात्र कमी वाचलं जातं. त्यांचं म्हणणं असं, की शिक्षक शेतकरी-कष्टकरी समाजातले असावेत, लोकांत मोकळेपणाने मिसळणारे, त्यांच्या गरजा आणि इच्छा कळणारे. प्रसंग पडला तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचं हत्यार हातात धरायची लाज वाटू नये असे. मास्तराची पात्रता काय, तर त्याला पालकाच्या कामात हात घालता आला पाहिजे. हे कुठल्या पुस्तकातून आलं नसावं. मळ्यात काढलेली तीन वर्षं, आणि आपल्या बापाशी बोलायला आलेला शेजारचा एक मुन्शी, हे ज्याच्या आठवणीत आहे तोच असं मागेल, असं मला वाटतं.

त्याच निवेदनात मुसलमानांबद्दलही एक निरीक्षण आहे. मुसलमान या शाळांपासून काहीसे अलिप्तच राहतात, त्यांना ना मराठीची फारशी ओढ ना इंग्रजीची. वाचताना टोचतं. पण खोटं नव्हतं. पुढे हंटर आयोगानेच शिफारस केली, की मुसलमानांच्या जुन्या मकतबांना प्रोत्साहन देऊन त्यांत व्यावहारिक विषय घालावेत आणि त्यांच्या प्राथमिक शाळांत हिंदुस्थानी भाषा असावी. त्या आधीच, १८७४ साली, मुंबईत बद्रुद्दीन तैयबजी आणि त्यांच्या साथीदारांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली होती. १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. उर्दू शाळांचं आजचं जाळं त्यातून वाढलं. भाषेचा प्रश्न त्याने सुटला, निदान अर्धा. कारण कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या आमच्या घरांत बोलली जाते ती भाषा पुस्तकातली उर्दू नाहीच. मुलं शाळेत ‘वालिदा’ लिहायला शिकतात आणि घरी अम्मी म्हणतात.

विसाव्या शतकात कायदा आला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचं शिक्षण लागू केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तेच केलं आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळातला एक रुपया मजुराला परवडणारा नव्हता. दंडाची मी खिल्ली उडवणार नाही. मुलाचं शिक्षण ही एकट्या बापाची मर्जी नाही, हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवंच होतं. तसं ठणकावणारं कुणी असतं तर गोविंदरावांना कारकुनाचं ऐकता आलं नसतं. आणि शाहू महाराज नुसते दंड करून थांबले नाहीत. ज्या घरांना मूल शाळेजवळ ठेवणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी वसतिगृहं काढली. त्यांत १९०६ सालचं मुस्लिम बोर्डिंग होतं, आणि त्याच्या संस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं होतं. पण दंडाच्या वाटेवर एक सवय लागते. पालक म्हणजे कसूर करणारा इसम. ती सवय दंड गेल्यावरही शिक्षकांच्या जिभेवर राहिली. स्टाफरूममध्ये रोज ऐकते मी: यांना मुलांचं पडलेलंच नाही. मी स्वतःही म्हटलेलं आहे.

याला छेद देणारं काम बोर्डीला झालं. ताराबाई मोडक १९४५ साली तिथे गेल्या, तेव्हा त्यांच्या गाठीशी भावनगरला गिजुभाईंबरोबर केलेल्या बालशिक्षणाचा अनुभव होता. बोर्डीत बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं तिकडे येईनात. आई कामावर गेलेली, अंगावर धड कपडा नाही, धाकटं भावंड कडेवर. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी ठरवलं, की मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची. तिथेच मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी, गोष्टी, पानाफुलांचे खेळ. हीच अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारची योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा.

अंगण या जागेत एक गंमत आहे. तिथे दार नसतं. आई भांडी घासता घासता बघते, आजी ओट्यावर बसून ऐकते, बाप जाता जाता थबकतो. त्यांना कुणी सभेला बोलावलेलं नसतं. शिकवणं त्यांच्यासमोर चाललेलं असतं, म्हणून त्यांना ‘सहभाग’ घ्यायला वेगळं सांगावं लागत नाही. अंगणवाडीची पुढे खोली झाली, खोलीला दार आलं, दारावर वेळापत्रक लागलं, हा वेगळा विषय.

आजचा कायदा कागदावर पालकांना बराच मान देतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीतले तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात असं लिहिलं आहे. शिक्षकाने नियमित पालकसभा घेऊन मुलाची हजेरी, आकलन आणि प्रगती सांगावी, हे तर शिक्षकाच्या कर्तव्यांतच येतं. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांतली ही समिती नुसती सल्लागार झाली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू नाही असा निकाल दिला. संस्थाचालकांनी पेढे वाटले असतील. घटनेने दिलेला हक्क मोठाच आहे, तो मलाही हवा आहे. पण जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या उर्दू शाळेतल्या आईला कायद्याने जी खुर्ची मिळते, ती संस्थेच्या उर्दू शाळेतल्या आईला मिळेलच असं नाही, ही गोष्ट आपण आपसात तरी बोलली पाहिजे. आमच्याकडे पालकसभा होते. सकाळी अकराला. बाप रिक्षावर, आई धुण्याभांड्यांच्या कामावर. एक्केचाळीस मुलांच्या वर्गातून सहा पालक येतात आणि उरलेल्यांची नावं अहवालात ‘अनुपस्थित’ खाली जातात.

आणि गंमत अशी, की दारोदार जाणं आम्हा शिक्षकांना नवं नाही. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, जनगणना, यांसाठी आम्ही वस्तीतलं एकूण एक दार वाजवलेलं आहे. कुटुंबात माणसं किती, मतदार किती, स्थलांतरित किती. ‘तुमची मुलगी वाचते कशी’ हा रकाना त्या फॉर्मात नसतो.

आठव्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. असरनंतरची वेळ होती. पत्र्याची खोली, कोपऱ्यात ओढण्यांचे गठ्ठे, त्यांना गोंडे लावायचं काम अम्मी घरी करते. मी गेले तेव्हा ती गोंडे लावत नव्हती. रिहलवर कुरआन ठेवून वाचत होती. आयत पुरी करून तिने मुसहफ मिटला, उठली, सलाम केला. पोरगी आतल्या पडद्यामागे गेली. मी आधी माफी मागितली. अम्मी गोंधळली, मग म्हणाली, “आप काहे को माफी मांगते आपा. गलती हमारी है. हम अनपढ लोग.”

शाळेच्या दाखल नोंदीत आईच्या शिक्षणाच्या रकान्यात ‘निरक्षर’ लिहिलं होतं. ते मीच लिहिलं होतं. जनगणनेच्या व्याख्येनेही ते बरोबर आहे: समजून वाचता आणि लिहिता आलं तर साक्षर. ती नाज़रा वाचते, म्हणजे अर्थ न कळता, पण अक्षर-अक्षर लावून, शुद्ध. लिहिता येत नाही. उर्दू पुस्तक तिला वाचता येत नाही, कारण पुस्तकातली लिपी नस्तालीक, तिरकी, आणि त्यात ज़ेर-ज़बर नसतात. कुरआनची नस्ख सरळ, आणि प्रत्येक अक्षरावर स्वराची खूण. आमच्या वस्तीत अशा किती आया असतील? वीस वर्षं मी त्यांना एकाच रकान्यात टाकत आले.

मी पिशवीतून वही काढली आणि मोठ्या नस्ख अक्षरात, ज़ेर-ज़बर देऊन, एक शब्द लिहिला: सबक. तिच्यासमोर धरला. तिने बोट ठेवलं. “सीन ज़बर स... बे ज़बर ब... सबक!” आणि हसली. मग ‘किताब’ वाचलं. मग मी लिहिलं ‘पढो’, तिथे ती अडली. ‘पे’ला खाली तीन नुक्ते, ते अक्षर अरबीत नाही. ढ-ही नाही. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, “पे है अम्मी, वो पे है.” आणि पोरगी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत होती. प्रगतिपुस्तकाचं आम्ही काही केलं नाही, ते तसंच आहे. मात्र रमज़ान ईदच्या आधी मी वर्गातल्या सगळ्या मुलांना एकेक रंगीत कागद दिला. चार ओळी उर्दूच्या, चार मराठीच्या, घरी मोठ्याने वाचून दाखवायच्या. सही मागितली नाही, रुपयाही नाही. ईदनंतर विचारलं कोण कोण ऐकायला होतं. एकाने सांगितलं की अब्बूंनी ऐकता ऐकता डोळे मिटले ते झोपलेच. एकीच्या दादीने मराठीच्या चार ओळी चार वेळा वाचायला लावल्या. तिघांनी वाचलंच नव्हतं. आणि ती मुलगी म्हणाली, अम्मीने एक चूक काढली.

तेव्हापासून आठवड्यात एक संध्याकाळ मी वस्तीत जाते. सतरा घरं झाली, चोवीस बाकी आहेत. बहुतेक ठिकाणी चहा मिळतो. मागच्या बुधवारी मात्र एका दारात मी सलाम करून नाव सांगायच्या आत ती बाई आत वळली आणि आधार कार्ड, रेशन कार्ड, लाइट बिल, जन्मदाखले अशी सगळी पिशवीच घेऊन आली. तिचा हात थरथरत होता. मी म्हटलं, कागद नको, आपा. ज़रा बच्चे को बुलाओ.